मामा म्हणाला होता, आता झोप

रात्री दोन-अडीचला फोन वाजला की मी नाव न बघताच उचलतो. भाचा असतो. आमच्या सांगली जिल्ह्यातली, विटा-खानापूर-आटपाडी-तासगावकडची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी (जुनं सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या कामासाठी) देशभर पांगलीयत तसा हाही गेलाय, रेल्वेनं दीड दिवस लागतो तिथं जायला, एका अरुंद बोळातल्या दुकानात ॲसिडच्या वासात राहतो आणि महिन्यातून दोन-तीनदा फोन करून एकच वाक्य बोलतो. "मामा, झोप येत न्हाई." मग आम्ही काहीतरी बोलत बसतो, कृष्णेला पाणी किती आलं, अक्काचा गुडघा कसा आहे, यंदा बेदाण्याला काय दर निघाला वगैरे. खरं जे बोलायचं ते दोघंही टाळतो.

झोप येत नाही हे वाक्य महाभारतात आहे. सौप्तिकपर्वात. युद्धाच्या अठराव्या दिवसाची रात्र, कौरवांकडून लढायला उरलेत तिघंच, अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा, एका वडाखाली येऊन पडलेत. दमलेले. बाकीचे दोघं झोपतात, अश्वत्थाम्याला झोप नाही. तो मामाला उठवतो (कृप त्याचा सख्खा मामा, आई कृपीचा भाऊ) आणि मामा त्याला समजावतो की बाळा तू थकलायस, किती दिवस जागा आहेस, आजची रात्र झोप, सकाळी उठू, आपण तिघं मिळून लढू. त्यावर अश्वत्थामा म्हणतो, जो पीडलेला आहे, जो संतापलाय, ज्याच्या डोक्यात कामाचा हिशोब चाललाय आणि जो कशासाठी तरी तळमळतोय, अशा माणसाला झोप कुठली, आणि माझ्यात तर आज हे चारही एकदम आलेत.

मी शाळेत गणित शिकवतो, महाभारताचा अभ्यासक वगैरे नाही. पण हा एक माणूस गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण तो नाही, त्याचा मामा आहे. ते पुढं येईलच.

लहानपणी अश्वत्थामा म्हणजे आमच्यासाठी भीतीचा विषय. आजी सांगायची की तो अजून फिरतोय, कपाळावर भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागतोय. तिन्हीसांजेला कुणी अनोळखी दारात आलं की आम्ही पोरं आधी त्याच्या कपाळाकडं बघायचो. आजीला एवढंच विचारायचं राहून गेलं की हा आधी कोण होता. कारण ज्याला आपण जखमेपासून ओळखायला लागतो त्याचं आधीचं आयुष्य कुणी विचारतच नाही.

आधीचं आयुष्य म्हणजे दूध. आदिपर्वात द्रोण स्वतः भीष्मांना सांगतात ते. घरात गाय नाही, श्रीमंतांची पोरं दूध पितात ते बघून हा लहानगा रडतो, द्रोण गाय मिळवायला गावोगाव फिरतात आणि मोकळ्या हातानं परत येतात. तेवढ्यात बाकीच्या पोरांनी पाण्यात पीठ कालवून याला दिलेलं असतं आणि हा ते पिऊन नाचतोय, मी दूध प्यायलो, मी दूध प्यायलो! पोरं हसतायत. द्रोणांच्या गरिबीला हसतायत. आमच्याकडं पहाटे साडेपाचला डेअरीवर किटल्यांची लाईन लागते, फॅट किती लागली यावर भांडणं होतात, दूध ही काही दुर्मिळ गोष्ट नाही आमच्या भागात, तरी हा प्रसंग वाचला की माझ्या घशात काहीतरी अडकतं. सगळे म्हणतात त्या पोराच्या मनात अपमान तिथं रुजला. मला वाटतं अपमान बापाच्या मनात रुजला. पोरगं तर खूष होतं. त्याला दूध आणि पीठ यातला फरक बापाच्या चेहऱ्यावरून कळला असणार. बाप त्यानंतर मित्राकडं, द्रुपदाकडं जातो, तिथं आणखी अपमान पदरात घेतो, हस्तिनापुरात नोकरी धरतो, शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणवतो, त्याचं अर्धं राज्य घेतो, आणि हे सगळं त्या एका पेल्यापासून सुरू झालेलं. ज्या पोरासाठी बापानं एवढं केलं त्या पोरानं आयुष्यभर ते फेडायचं कसं, हे ओझं कुणी बघितलं नाही.

आणि त्यात पुन्हा बापाचं माप दोन प्रकारचं. माया पोरावर, अभिमान अर्जुनाचा. द्रोण बाकी शिष्यांना पाणी आणायला अरुंद तोंडाचे कमंडलू द्यायचे आणि आपल्या पोराला रुंद तोंडाचा घडा, म्हणजे तो लवकर भरून येईल आणि तेवढ्या वेळात त्याला काहीतरी जास्तीचं शिकवता येईल. अर्जुनानं हे ओळखलं, वारुणास्त्रानं कमंडलू भरायला लागला आणि त्याच्याबरोबरच हजर व्हायला लागला. मी वर्गात असतो ना, मला हे दृश्य लगेच दिसतं. शिक्षकाच्या पोराला सगळ्यांनी बघायच्या आत जास्तीचं मिळतं, आणि तरीही सर कौतुकानं बघतात दुसऱ्याच बाकाकडं. पुढं ब्रह्मशिर अस्त्रही द्रोण आधी अर्जुनाला देतात, पोरानं हट्ट धरला म्हणून नाराजीनं त्यालाही देतात आणि देताना बजावतात की कितीही संकट आलं तरी हे माणसांवर सोडू नकोस, आणि वर असंही म्हणतात की तू सज्जनांच्या वाटेवर टिकणार नाहीस. बापानं पोराला हत्यार दिलं आणि त्याच दमात त्याचं भविष्यही सांगून टाकलं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं त्या दिवशी. आपण पोरांना काय काय बोलून जातो.

तरीही तो वाईट नव्हता. हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. विराटपर्वात कर्ण फुशारक्या मारायला लागतो तेव्हा भर सैन्यात त्याला आणि दुर्योधनाला तोंडावर सुनावणारा अश्वत्थामाच आहे, की कुठल्या लढाईत जिंकलं होतंत तुम्ही इंद्रप्रस्थ, कुठल्या लढाईत द्रौपदी जिंकलीत? राजाच्या ताटात जेवणारे किती जण असं बोलतात?

आता त्याच्या पतनाचं सगळे सांगतात ते कारण घेऊ. बापाला कपटानं मारलं. युद्धाच्या पंधराव्या दिवशी अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून आवई उठवली, कधी खोटं न बोलणाऱ्या युधिष्ठिरानं ते अर्धवट खरं सांगितलं, द्रोणांनी शस्त्र ठेवलं आणि धृष्टद्युम्नानं त्यांचं डोकं उडवलं. झालं, पोरगं पेटलं, सूड. सोपं आहे. मीही असंच समजत होतो. पण मग कर्णपर्वात एक प्रसंग लागतो आणि हे सोपं गणित चुकतं. सतराव्या दिवशी, म्हणजे बाप जाऊन दोनच दिवस झालेत, हाच अश्वत्थामा दुर्योधनाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, पुरे झालं हे वैर, धिक्कार असो या भांडणाचा, माझा बाप गेला, भीष्म पडले, आता तरी पांडवांशी समेट कर, अर्जुनाला मी थांबवतो, तो माझं ऐकेल.

बाप मेल्यावर दोन दिवसांनी तो समेट मागतोय!

म्हणजे दुःखानं तो राक्षस झाला नाही. दुःख पचवून तो उभा होता. मग अठराव्या दिवसाच्या संध्याकाळी असं काय झालं? तर दुर्योधन मांड्या मोडून धुळीत पडलाय, गदायुद्धाचा नियम मोडून पाडलाय त्याला, आणि त्या अवस्थेत तो पाणी मागवतो आणि कृपाकडून अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवतो. भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य, आणि पाचवा हा. सैन्य किती? तीन माणसं, त्यात हा स्वतः धरून. आयुष्यभर दुसऱ्या नंबरला बसलेल्या माणसाला पहिला नंबर मिळाला तो अशा वेळी, की समेट करायचा निर्णय घेणारंच कुणी उरलं नाही आणि हाती उरलं ते फक्त मरणाऱ्याला दिलेलं वचन. माझं म्हणणं एवढंच आहे की तो घसरला तो त्या अभिषेकाच्या पाण्यावरून. बापाच्या रक्तावरून नाही. आता सगळं तुझ्यावरच आहे, असं दुखावलेल्या माणसाला कुणी म्हणालं की त्याच्या दुःखाला कामाला लावलं जातं, आणि कामाला लागलेलं दुःख मग दुःख राहत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही.

भाचा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, तेव्हा हा गावाकडनं चार पोरं घेऊन ट्रॅक्टरच्या ट्यूब आणि दोर घेऊन सांगलीत आला आणि तीन दिवस लोकांना काढत होता. एका म्हातारीला पाठीवर घेऊन जिन्यानं उतरताना मी बघितलंय त्याला, ती म्हातारी तिची शेळी सोडायला तयार नव्हती म्हणून हा परत गेला आणि शेळीपण घेऊन आला. ते पोरगं आमच्या घराचा अभिमान होतं. त्यानंतर दोन वर्षांनी भावकीत बांधाचा वाद लागला. मोजणीच्या दिवशी दाजींचा अर्ध्या आयुष्याचा मित्र, ज्याच्या शब्दाला सगळं गाव मान द्यायचं, तो एवढंच म्हणाला, "बांध हितंच हुता, बहुतेक." बहुतेक. दाजी त्यावर काही बोलले नाहीत, घरी येऊन पाणी प्यायले, आणि दोन महिन्यांनी झोपेतच गेले. डॉक्टर हार्ट म्हणाले. आम्ही बहुतेक म्हणतो.

आणि ऐका, त्यानंतरही भाचा मला म्हणाला होता, हरिपूरला, संगमावर, वारणा कृष्णेला मिळते तिथं पायरीवर बसून, "जाऊ दे मामा, दोन गुंठ्यानं काय हुतंय. मी जाऊन बोलतो त्यांच्यासंगं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. त्याच आठवड्यात त्याचा थोरला चुलता, अंथरुणाला खिळलेला, त्याला जवळ बोलवून रडत म्हणाला की आता घराण्यात तूच एक गडी उरलायस. मी खोलीत होतो. भाच्याचा चेहरा मी बघितला. काहीतरी बंद झालं त्यात, दार लोटून घेतल्यासारखं.

फेब्रुवारी महिना. भावकीतल्या त्या घराची द्राक्षबाग ऐन मालावर, मण्यात पाणी उतरलेलं, व्यापाऱ्याशी सौदा झालेला. रात्री साडेअकराला भाचा माझ्या दारात, मोटरसायकलवर, हँडलला पिशवी, पिशवीत करवत. मी त्याला सगळं सांगितलं. झाडानं काय केलंय तुझं, त्या घरात लहान पोर आहे, तुझ्या बापाला हे आवडलं असतं का, आत ये, इथंच झोप, सकाळी बघू. हे शब्द मी म्हणालो. सकाळी बघू. तो म्हणाला, "मामा, सकाळी मला राग येणार न्हाई." याहून खरं वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्याला माहीत होतं की झोप लागली तर आपण परत आपण होऊ.

कृपाचार्यही सगळं बरोबर बोलला. झोपलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला, शरण आलेल्याला मारू नये, आणि तुझ्याकडून असं काही घडलं तर ते पांढऱ्यावर रक्ताचा डाग पडल्यासारखं दिसेल. अश्वत्थाम्यानं काय उत्तर दिलं? म्हणाला त्यांनी तर धर्माचा सेतू आधीच शंभर जागी फोडलाय. सेतू म्हणजे पूल, आणि सेतू म्हणजे बांधही. बांध त्यांनीच फोडला, मग मी कुठल्या बांधावर थांबू? आणि पुढं म्हणाला की या पापानं पुढच्या जन्मी किडा किंवा पतंग झालो तरी चालेल. बघा, त्याला ते पाप आहे हे कळत होतं. आपण म्हणतो खलनायकाला बरंवाईट कळेनासं होतं. याला सगळं कळत होतं आणि त्यानं किंमत विचारून, मोजून, सौदा केला.

मग कृप काय करतो? रथ जोडतो आणि मागनं जातो.

पांडवांच्या शिबिराच्या दारात एक महाभयंकर आकृती उभी असते, अश्वत्थाम्याची सगळी अस्त्रं ती गिळून टाकते, आणि रिकाम्या हातानं उभ्या असलेल्या त्याला तेव्हा मामाचे शब्द आठवतात. मोठ्या माणसांचं ऐकलं नाही म्हणून हे झालं, असं तो स्वतःशी म्हणतो. पूर्ण पर्वात मला ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथून परत फिरता येत होतं. मामा तिथंच मागं आहे, काही पावलांवर. एक हाक मारायची होती फक्त. व्यासांनी कृपाच्या तोंडी तिथं एकही शब्द घातलेला नाही. अश्वत्थामा शिवाला शरण जातो, स्वतःला अग्नीत अर्पण करतो, तलवार मिळते, आत जातो, आणि जाताना दोघांना सांगतो की दारातून कुणी जिवंत सुटता कामा नये. आत धृष्टद्युम्न म्हणतो, निदान शस्त्रानं तरी मार, हा त्याला लाथांनी मारतो. द्रौपदीची पाचही पोरं गलक्यानं उठून लढतात आणि मारली जातात. आणि जे घाबरून बाहेर पळत येतात, हात जोडून, त्यांना दारात कापतात कृप आणि कृतवर्मा. शिबिराला तीन ठिकाणी आगही तेच लावतात, आतल्याला नीट दिसावं म्हणून.

मी मोबाईलचा टॉर्च धरला होता.

मी गेलोच का, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. एकटा जाईल, काहीतरी करून बसेल, कुणी बघितलं तर मारतील त्याला, अशी कारणं होती माझ्याकडं, आणि ती खोटीही नव्हती. पण एकदा तिथं गेल्यावर अंधारात त्याचा हात कापू नये म्हणून मी टॉर्च लावला आणि मग तो दीड तास तसाच धरला. ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांच्या खाली, खोडावर करवत. एक झाड, दुसरं झाड. वर मांडवाच्या तारांवर सगळं जागच्या जागी, पानं हिरवी, घड भरलेले, काही झालंय असं वाटूच नये, आणि खाली खोडाच्या ताज्या कापावर टॉर्चच्या उजेडात पाणी जमायला लागायचं. आधी ओल, मग थेंब, मग तो थेंब सालीवरनं ओघळायचा. मुळं बिचारी अजून पाणी वर ढकलत होती. एकशे चाळीस झाडं. मध्ये एकदा तो थांबला, करवत खाली सोडली आणि माझ्याकडं बघितलं. उजेडामुळं त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. मी तेव्हा काही बोललो नाही. त्यानं करवत उचलली.

दोन दिवसांत घड सुकले, मणी सुरकुतले. कागदावर अज्ञात इसम असं आलं. माझ्याकडं बघून कुणाला शंकाही आली नाही, सर आहेत ना मी.

(हे लिहिण्याआधी ज्यांना तोंडानं सांगायला हवं होतं त्यांना आम्ही सांगून आलोय. तिथं काय झालं ते त्यांचं आणि आमचं, ते इथं लिहिणार नाही.)

पुढं अश्वत्थाम्याचं काय झालं ते माहीत आहे सगळ्यांना. गंगेच्या काठी व्यासांजवळ तूप फासून, दर्भाचं वस्त्र नेसून बसलेला सापडतो, भीमाला बघून गवताची काडी उचलतो आणि त्यावर ते ब्रह्मशिर सोडतो, बापानं सोडू नको म्हणून बजावलेलं. अर्जुनही सोडतो. ऋषी मध्ये येतात, परत घ्या म्हणतात. अर्जुन घेतो. याला घेता येत नाही. शेवटी ते वळवायचं कुठं तर पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भावर, उत्तरेच्या पोटातल्या पोरावर. रात्री निदान शत्रू होते समोर, इथं जन्मालाही न आलेलं पोर. एकदा करवत हातात घेतली की ती कुठल्या झाडाला लागेल हे आपल्या हातात राहत नाही. आणि कृष्णाचा शाप, तीन हजार वर्षं एकटा फिरशील, कुणी बोलायला नाही, अंगाला रक्तापुवाची दुर्गंधी. फिरण्याचा, एकटेपणाचा. आजीची तेलाची गोष्ट लोकांनी नंतर जोडली, पण लोकांनाही तो शेवटी बरा व्हावासा वाटत असणार, नाहीतर कुणी तेलाची सोय कशाला ठेवली असती.

आणि कृप? त्या रात्रीनंतर तिघं तीन वाटांनी जातात, कृतवर्मा द्वारकेला, अश्वत्थामा व्यासांच्या आश्रमाकडं, कृप सरळ हस्तिनापूरला. घरी. त्याला कुणी शाप दिला नाही, कुणी विचारलं नाही. पुढं पांडव राज्य सोडून निघतात तेव्हा युधिष्ठिर परीक्षिताला शिष्य म्हणून कुणाच्या हवाली करतो? कृपाच्या. गर्भात असताना ज्याच्यावर भाच्यानं अस्त्र सोडलं तेच पोर. सात चिरंजीवांच्या श्लोकात अश्वत्थाम्याचं नाव पहिलं आहे आणि कृपाचंही आहे, आजी रोज सकाळी म्हणायची, एकाच श्वासात दोघं. शिकवताना कृपाला काय वाटत असेल याबद्दल कुठंच काही नाही. मला मात्र माहीत आहे. त्या घरातलं ते लहान पोर आता सातवीत आहे आणि दोन वर्षं झाली माझ्या वर्गात बसतं. अपूर्णांकात चुकतं. वहीवर फार रेघ मारून खोडतं, कागद फाटेपर्यंत, मी त्याला हळू खोड म्हणतो.

या जानेवारीत ते पोरगं एक पेटी घेऊन आलं. "सर, आप्पांनी दिलंय. नव्या झाडांचा चांगला माल आलाय यंदा, तुमाला पयला." त्या ओळीत त्यांनी पुन्हा खुंट लावले होते, कलमं भरली होती, वर्षं गेली त्यात. मी पेटी टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी उघडली नाही.

रात्री पावणेतीनला फोन. झोप येत न्हाई. मी कृष्णेचं काही सांगितलं नाही, अक्काच्या गुडघ्याचं नाही. त्याला म्हणालो त्यांची बाग आली, माझ्यासमोर पेटी आहे.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज त्याच्याकडचा. मग म्हणाला, "गोड हाय का?"

मी पेटी उघडली, एक मणी तोडला, खाल्ला. गोड आहे म्हणालो.

"मामा, मी येऊन सांगू का त्यांना?"

सकाळी बघू, हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. उठून दिवा लावला.

"ये," म्हणालो. "मी येतो संगं."